आतला पाय

बूट दुरुस्त करणाऱ्यानं तिचे दोन्ही बूट फळीवर उलटे ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, तुम्ही डावा पाय जमिनीला टेकवता की नाही?" तिला वाटलं, थट्टा करतोय. आठच्या बसला सहा मिनिटं होती आणि तिला फक्त उजव्या टाचेला रबर लावून हवं होतं. पण त्यानं दोन्ही तळवे अंगठ्यानं चाचपून दाखवले. उजवी टाच तिरपी झिजून खिळ्यापर्यंत आली होती. डाव्या तळव्यावर कंपनीचा शिक्का अजून वाचता येत होता. "जोडी एकाच दिवशी घेतलीत ना? मग हा डावा वापरतं कोण?" ती हसली, पैसे दिले, बूट पिशवीत टाकले आणि बस गाठली. बसमध्ये दांडीला धरून उभी असताना मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण खरंच उजव्या पायावर उभ्या आहोत. डावा नुसता शेजारी ठेवलाय, एखाद्याची पिशवी सांभाळायला घ्यावी तसा. तिनं मुद्दाम भार डावीकडे टाकला. दोन स्टॉपपर्यंत टिकला. तिसऱ्या स्टॉपला कुणीतरी उतरताना धक्का दिला आणि सावरून बघते तर पुन्हा उजवीकडे. सव्वीस वर्षं ती लोकांना घोड्यावर बसायला शिकवत होती. दिवसातून किमान पन्नास वेळा एक वाक्य तिच्या तोंडून जायचं: बैठकीच्या दोन्ही हाडांवर सारखं बसा. ते वाक्य आता बसच्या घरघरीत तिला उलटं ऐकू यायला लागलं, आणि उतरेपर्यंत ती पायांची बोटं चपलेत आवळत आणि सोडत राहिली.

तबेल्यात भुरी वाट बघत होती असं म्हणणं खोटं ठरेल. भुरी कुणाचीच वाट बघत नसे. खाणं संपवून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शर्यतीतून निवृत्त झालेली सात वर्षांची घोडी. क्लबनं ती शिकाऊ लोकांसाठी घेतली होती आणि तिला त्या कामासाठी तयार करायचं काम हिच्यावर आलं होतं. घोडी गुणी होती, चावत नव्हती, लाथ मारत नव्हती, मोटारीच्या भोंग्यालाही कान हलवत नव्हती. अडचण एकच होती, पण ती साधी नव्हती. घोडा दुडक्या चालीतून दौडीत शिरला, की त्याच्या पुढच्या दोन पायांतला एक दर ढांगेला दुसऱ्याच्या पुढे पडतो. उजवीकडे वळायचं तर उजवा पुढे हवा, डावीकडे वळायचं तर डावा. म्हणजे वळणाच्या आतला पाय. बाहेरचा पडला तर सरळ रस्त्यावर घोडा कुणाला शंकाही येणार नाही इतका छान पळतो, पण वळणावर त्याचा तोल जातो, आणि कधीतरी पायात पाय येतो. भुरी आयुष्यभर उजव्या वळणाच्या मैदानावर धावली होती. उजवा पाय तिला न मागता यायचा. डावा तीन आठवडे झाले तरी आला नव्हता.

तिनं सगळं करून बघितलं होतं. लांब दोरीवर गोल फिरवून बघितलं. कोपऱ्यात लाकडी बल्ली आडवी ठेवून, तिच्यावरून पाय उचलताना दौड मागितली. दुडकीतून मागितली, चालीतून मागितली, थांबवून, चुचकारून, रागावून मागितली. डावं हाड खाली, डावा पाय पोटपट्ट्याशी, उजवा पाय वीतभर मागे, आणि आता. दर वेळी भुरीच्या पाठीत एक प्रश्न उठल्यासारखा व्हायचा, पाठ क्षणभर गोल व्हायची, आणि मग पडायचा तो उजवा. खाली बघावंही लागायचं नाही. चुकीच्या पायावर वळण घेणारा घोडा म्हणजे एका बाजूला चाक निसटत असलेली गाडी; पोटात आधी कळतं. आणि पोटात कळलं की ती लगाम खेचायची, घोडी थांबायची, आणि दोघी रिंगणाच्या कोपऱ्यात धापा टाकत उभ्या राहायच्या. मॅनेजर तरुण होता, आधी हॉटेलात होता, आणि घोड्यांविषयी खोल्यांविषयी बोलावं तसं बोलायचा. "मॅडम, शुक्रवारी अकरा वाजता बघू या. दोन्ही बाजूंनी चालते का एवढंच. नाहीतर दलालाला परत देऊ." दलालाकडून घोडे पुढे कुठे जातात हे तबेल्यात कुणी कुणाला विचारत नसे.

त्या दिवशी सोमवार होता. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं शेजारणीकडून वजनाचा काटा मागून आणला, आपला काढला, दोन्ही शेजारीशेजारी ठेवले आणि एकेकावर एकेक पाय देऊन उभी राहिली. "सरळ उभी आहे का मी?" तिनं नवऱ्याला विचारलं. "आहेस की," तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला. "आकडे वाच." तो उठला, वाकला. उजवीकडे अडतीस, डावीकडे चोवीस. नवऱ्यानं मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे बासष्ट? तू तर अठ्ठावन्न सांगतेस." ती हसली नाही. काट्यांवरून उतरलीही नाही. चौदा किलो. हा चौदा किलोंचा फरक कधीपासून पडला असेल याचा ती विचार करत होती, आणि तिला त्याचं उत्तर माहीत आहे असं तिला वाटत होतं. चौदा किलो आणि चौदा वर्षं. असा हिशेब जुळला की माणूस फसतो हे कळूनही तिला तो सोडवेना.

चौदा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ तीस वर्षांचा होता आणि शहरातला सगळ्यात देखणा स्वार होता. त्यांचे वडील घोडेस्वारी शिकवायचे. घरात काम वाटलेलं होतं, कुणी बोलून वाटलेलं नव्हतं तरी: घोडे तयार करायची ती, आणि स्पर्धेत त्यांच्यावर बसायचा तो. वडील कठड्याला कोपर टेकून उभे राहायचे आणि भावाकडे बघायचे. बघायचे म्हणजे बघतच राहायचे. तिच्याकडे त्यांची नजर असायची ती घोड्यापुरती, ती खाली उतरली की ते घोड्याच्या घोट्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." ती त्या दोन शब्दांवर आठवडा काढायची. त्या वर्षी तांबड्या नावाचा घोडा तिच्याकडे होता, आणि तांबड्या डावीकडे आतला पाय घेत नव्हता. दोन महिने घेतला नाही. स्पर्धेच्या सकाळी भावानं दस्ताने चढवत विचारलं, "ताई, डावीकडे घेतो का आता?" वडील चार हातांवर होते. ती म्हणाली, "घेतो आता." दोनच शब्द. तांबड्यानं तिसऱ्या अडथळ्यानंतर डावीकडे वळण घेतलं, चुकीच्या पायावर घेतलं, त्याच्या पायात पाय आला आणि तो डाव्या कुशीवर पडला, भावाच्या डाव्या पायासकट. घोडा उठला. भाऊ उठला नाही. आवाज मोठा झाला नव्हता. गादी पलंगावरून घसरावी तेवढाच. तो आवाज नंतर तिला कुठेही ऐकू यायचा, दुकानात पोतं उतरवताना, शेजारी कपाट सरकवताना, आणि मग तिच्या डाव्या मांडीत काहीतरी गोळा होऊन वर सरकायचं.

भाऊ आता चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. हातात काठी आली होती. महिन्यातून एकदा ती त्याच्या घरी जायची, फळं घेऊन. भावजय चहा करायची, ती पायाचं विचारायची, तो "बरा आहे" म्हणायचा, आणि ती निघायची. वडील जाऊनही सहा वर्षं झाली होती. त्या दोन शब्दांचा साक्षीदार आता भाऊच उरला होता, आणि तो काही बोलला नव्हता. त्याला ते आठवत नसावेत असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. रात्री अंथरुणात नाही, दिवसाउजेडी, भाजी निवडताना, हे ठरवलं होतं, म्हणून ते तिला पक्कं वाटायचं.

बुधवारी दातांची डॉक्टर आली. ही तिची आठवड्यातून एकदा येणारी विद्यार्थिनी, चाळिशीची, दोन वर्षं शिकत होती आणि अजून घोड्यावर चढताना डोळे मिटायची. तिचा नेहमीचा घोडा लंगडत होता. "भुरीवर बसा आज," ती म्हणाली, "नुसती चाल आणि दुडकी." अर्धा तास बरा गेला. मग डॉक्टर म्हणाली, "एकदा दौड करून बघू का? डावीकडेच, कोपरा रिकामा आहे." ती नको म्हणणार होती. नको म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात डॉक्टरनं तिनंच शिकवलेलं सगळं क्रमानं, जरा पुटपुटतच, केलं: डावं हाड खाली, डावा पाय पट्ट्याशी, उजवा वीतभर मागे. भुरीची पाठ गोल झाली आणि डावा पाय पुढे पडला. स्वच्छ. दुसरी ढांग, तिसरी, अख्खा कोपरा, अख्खी लांब बाजू. भुरीची मान खाली आली होती, तोंडाशी फेस होता, तिला जणू कुणीतरी शेवटी नीट ऐकू येईल असं बोललं होतं. "बरोबर होतं का?" डॉक्टरनं थांबल्यावर विचारलं. ती रिंगणाच्या मध्यावर उभी होती, उजव्या पायावर. "बरोबर होतं," ती म्हणाली. "परत करा." तीनदा केलं. तिन्ही वेळा डावा.

डॉक्टर गेल्यावर म्हातारा सईस खोगीर उतरवायला आला. तो तिच्या वडिलांच्या वेळेपासून तबेल्यात होता आणि त्यानं सगळं बघितलं होतं. "बाई," तो पोटपट्टा सोडवत म्हणाला, "शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनाच बसवा. साहेबांना घोडी पळालेली दिसली म्हणजे झालं. तुम्ही तयार केली म्हणा. कोण विचारतंय?" तो तिच्या भल्यासाठीच म्हणत होता. कुणी विचारणार नव्हतं हे खरं होतं. घोडी वाचणार होती, तिचं नाव राहणार होतं आणि कुणाच्या पायावर काही पडणार नव्हतं. एवढं सगळं सरळ असताना तिला भुरीच्या अंगाला हात लावायचा धीर होईना. तीन आठवडे ही घोडी मागितलं तेच देत होती. वर बसलेल्या बाईचं तोंड डावीकडे म्हणत होतं आणि बासष्ट किलो उजवीकडे म्हणत होते, आणि घोड्याला तोंड कुठे दिसतं. ती तबेल्याच्या ओट्यावर बसली, उठली, पाण्याची बादली उचलून दुसरीकडे ठेवली, परत आधीच्या जागी आणली. मग तिनं दुपारचा तास रद्द केला आणि भावाच्या दुकानात गेली.

मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र चालू होतं आणि त्याच्यावर पाण्याची बारीक धार पडत होती. भाऊ उंच स्टुलावर डावा पाय लांब करून बसला होता. ती कामाच्या दिवशी कधी आली नव्हती. त्यानं आधी तिच्या हाताकडे बघितलं, पिशवी नव्हती. "काय झालं?" तो म्हणाला. "घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुला तांबड्या आठवतो?"

"तांबड्या माझ्यावर पडला होता, ताई. आठवतो."

ती उभीच राहिली. बसायला जागा होती, पण बसली तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. "त्या दिवशी तू विचारलं होतंस, डावीकडे घेतो का. मी म्हटलं, घेतो आता. तो घेत नव्हता. दोन महिन्यांत एकदाही घेतला नव्हता."

त्यानं काच यंत्रावरून उचलली, उजेडात धरून बघितली. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"घेत नव्हता ते. सकाळी मागच्या मैदानात मी दोनदा मागितला त्याच्याकडे. दोन्ही वेळा चुकीचा. म्हणून तर तुला विचारलं."

यंत्र घरघरत राहिलं. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "मग नेलास कशाला?"

"बाबा कठड्याशी उभे होते." त्यानं काच खाली ठेवली. "आणि तू का खोटं बोललीस?"

याचं उत्तर तिच्याकडे चौदा वर्षं तयार होतं, लांबलचक, कारणांसकट. तोंडातून आलं ते एवढंच. "बाबा कठड्याशी उभे होते."

तो मान खाली घालून हसला. तिला मात्र हसू आलं नाही. हलकं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. वाटला तो राग, चक्क राग. ज्या दोन शब्दांना ती चौदा वर्षं सांभाळत होती, ज्यांच्यासाठी झोप घालवली होती, जे फक्त आपले आहेत असं समजत होती, त्यांच्यात अर्धा वाटा याचा होता आणि यानं तो मुकाट्यानं खिशात ठेवला होता. "तुला माहीत होतं आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. चौदा वर्षं."

"तू तरी कुठे बोललीस?" तो आता हसत नव्हता. "पहिली दोन वर्षं मी वाट बघायचो. वाटायचं, ताई आज बोलेल. तू यायचीस, मोसंब्यांची पिशवी ठेवायचीस, पायाचं विचारायचीस, जायचीस. माझा पाय गेला होता, ताई, मी कशाला सुरुवात करू? मग राग यायचा बंद झाला. म्हटलं, मोसंबी तर मोसंबी."

ती शेजारच्या स्टुलावर बसली. मग तिनं त्याला बुटांचं सांगितलं, काट्यांचं सांगितलं, भुरीचं आणि डॉक्टरचं सांगितलं. म्हणाली, "तेव्हापासून माझा डावा पाय असा झाला. मला वाटतं, तू पडलास तेव्हापासून." त्यानं मान हलवली. "काहीतरीच. तू जन्माची तिरकी आहेस. सायकलवरसुद्धा तिरकी बसायचीस. बाबा म्हणायचे, हिचं डावं अंग घरीच राहतं."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"तुला कुठे काही म्हणायचे? घोडं तयार झालं की झालं त्यांचं." तो हे सहज म्हणून गेला आणि मग थांबला, कारण तिचा चेहरा त्याला दिसला. "मला म्हणायचे ते त्यांनी तुला सांगायला हवं होतं," तो जरा वेळानं म्हणाला. "मीही सांगितलं नाही. मला बरं वाटायचं, निदान सरळ बसण्यात तरी मी तुझ्या पुढे आहे म्हणून. घोडे तर सगळे तूच घडवायचीस."

ती निघताना म्हणाली, "एकदा येशील रिंगणात? मध्ये उभा राहून नुसतं बघ." "नाही," तो म्हणाला आणि यंत्राकडे वळला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तरीही एका जागी बसू शकली नाही. कठड्याशी उभे असलेले वडील तिला आठवत होते आणि त्यांची नजर कुठे आहे ते ती आज पहिल्यांदा नीट बघत होती. ती भावाच्या पाठीवर होती, हातांवर होती, तांबड्याच्या खुरांवर होती. तिच्यावर एकदा तरी टेकली असती तर इतका वाकडा बसलेला माणूस त्यांना दिसला नसता? दिसला होता. त्यांनी तो दुसऱ्याला सांगितला होता. अपराधाचं ओझं परवडलं, त्याला निदान आकार होता. हे काय आहे याला नाव देता येत नव्हतं. ते बोटांत होतं, पोटऱ्यांत होतं, ते तिला खिडकी उघडायला आणि मिटायला लावत होतं, शेवटी शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

शुक्रवारी अकरा वाजता मॅनेजर कठड्याशी आला. दुसरा घोडेस्वारी शिक्षकही आला होता, तिशीतला, चांगला मुलगा. डॉक्टर तिच्या विनंतीवरून दवाखाना उशिरा उघडून आली होती. आधी ती स्वतः भुरीवर बसली. सईसानं तोंड फिरवलं. तिनं डावीकडे तीनदा दौड मागितली आणि तिन्ही वेळा उजवा पाय आला. मग ती उतरली आणि डॉक्टरला बसवलं. डावा आला. पुन्हा डावा. मॅनेजर गोंधळला. "म्हणजे येतं ना तिला?"

"येतं. माझ्याखाली येत नाही. मी उजव्या अंगावर बसते, घोडीला डावीकडे जायला जागाच ठेवत नाही. दोष घोडीत नाही."

"मग हे तीन आठवडे तुम्ही..."

"अडवत होते तिला."

तिचा आवाज ठीक निघाला. दुसरा शिक्षक वाळूकडे बघत होता. मॅनेजरनं फोन काढला, पुन्हा आत ठेवला. घोडी राहील, तो म्हणाला. पुढचं काम दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल, आणि मॅडम, तुम्ही तूर्त लहान मुलांचे चालीचे तास घ्या. "तूर्त" हा शब्द त्यानं हॉटेलातल्या सवयीनं फार गोड उच्चारला. सईस तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ती रिंगणाशी आली, तर भाऊ कठड्याला टेकून उभा होता. रिक्षानं आला होता. काठी वाळूत रुतत होती म्हणून चिडला होता. "वाळू कसली टाकलीय, पीठ आहे नुसतं," तो म्हणाला. दुसऱ्या शिक्षकानं भुरी वापरायला खुशीनं परवानगी दिली होती. भावानं लांब दोरी हातात घेतली, रिंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. "रिकिबी काढून टाक," तो म्हणाला. "हात मांडीवर." सत्तेचाळीस वर्षांची ती, पहिल्या दिवशीच्या पोरीसारखी, पाय लोंबकळत ठेवून बसली. भुरी त्याच्याभोवती डावीकडे गोल चालायला लागली. "खाली बघू नकोस. कुठला पाय आहे ते तू मला सांग."

तिनं दौड मागितली. पोटात लगेच कळलं. "उजवा. चुकीचा," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही उजवा. "चुकीचा." हे त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणणं दर वेळी जड जात होतं आणि दर वेळी जरा कमी. तिसऱ्यांदा तिनं डावं हाड खाली सोडलं, तर मांडीतून कळ थेट बरगडीपर्यंत गेली. भुरी दौडीत शिरली. तिनं वाट बघितली. निसटत्या चाकाचा तो ओळखीचा झोक आला नाही, पण त्याच्या जागी काय आलं तेही तिला ओळखता येईना. सगळं परकं होतं, कुणा दुसऱ्याच्या अंगावर आपले कपडे असावेत तसं.

"कुठला?"

"मला कळत नाही."

"बरं. मग कळेपर्यंत चालू दे."

भुरी पळत होती. एक फेरा झाला, दुसरा झाला. कठडा, तबेल्याचं दार, पाण्याची टाकी, पुन्हा कठडा. तिला खाली बघायचं होतं, मान तिकडे ओढ घेत होती. तिच्या लक्षात आलं, की दर ढांगेला तिची डावी कंबर आधी पुढे जातेय आणि उजवी मागून येतेय, आणि ती स्वतः काही करत नाहीये.

"डावा," ती म्हणाली.

भाऊ दोरी गुंडाळायला लागला होता. "पहिल्या ढांगेपासून डावाच आहे," तो म्हणाला. "थांबव आता. माझा पाय दुखायला लागला."